कधी वापरू नये

२ फेब्रुवारी, सोमवार

आज रुजू झाले. सकाळी आईनं परभणीहून फोन करून दहीसाखर खाल्लीस का म्हणून विचारलं. खोलीत दही नव्हतं, नुसती साखर तोंडात टाकली आणि हो म्हणाले. नव्या नोकरीची सुरुवात खोट्यानं झाली हे दुपारपर्यंत टोचत राहिलं. बाकी सगळं मात्र छान झालं.

विद्यापीठ पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याला आहे. खासगी आणि नवंकोरं. आवारातली झाडं अजून माणसाएवढीच आहेत. आमचा कक्ष ग्रंथालयाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून देवगिरीचा किल्ला दिसतो. कक्षात दोघीच आहोत, मी आणि मंजुषा. ती लासूर स्टेशनहून रोज रेल्वेनं ये-जा करते आणि प्राध्यापकांचे फोन घेते. प्रमुख हिमांशू सर फार गोड बोलतात. तुझ्यासारखी नीट लिहिणारी मुलगी आम्ही सहा महिने शोधत होतो, असं म्हणाले. कान गरम झाले माझे.

माझ्या आधी या खुर्चीवर कोण होतं देव जाणे. कीबोर्ड उलटा करून झटकला तर बिस्किटाचा चुरा, केस आणि कापलेलं एक नख पडलं. पिवळट, जाड. बाटलीभर सॅनिटायझर संपवलं. मंजुषा पोट धरून हसली. म्हणाली, एवढे हात धुतले तर सालपटं निघतील ओ ताई, पगार व्हायच्या आधी संपून जाल.

४ फेब्रुवारी, बुधवार

काम आवडलं. आईला फोनवर समजावता आलं नाही, म्हणून इथं नीट लिहून ठेवते.

विद्यापीठानं यंदा एक एआय एजंट घेतला आहे. प्राध्यापक त्याला साध्या मराठीत काम सांगतात. कोणाच्या असाइनमेंट आल्या ते बघ, तपास, गुण भर. एजंटला ही कामं करायला टूलं दिलेली आहेत. एक टूल मुलांची पानं उघडतं, एक गुण भरतं, एक निरोप पाठवतं. कोणतं टूल कधी उचलायचं हे एजंटला त्या टूलखाली लिहिलेल्या वर्णनावरून कळतं. त्याच्यापाशी दुसरा आधार नसतो. वर्णन मोघम असेल तर तो भलतंच टूल उचलतो. ती वर्णनं लिहायची हे माझं काम. प्रत्येकाला चार रकाने: काय करतं, कधी वापरावं, कसं वापरावं, कधी वापरू नये.

मंजुषा एजंटला भाऊसाहेब म्हणते. तिच्या गावच्या तलाठ्यासारखाच आहे म्हणे, कागदावर लिहिलं असंल तेवढंच करतो, पण लिहिलं असंल तर मग बापाला सोडत नाय.

मी पाचवीपर्यंत शाळेत गेलेच नाही. दम्यामुळं घरीच होते आणि मीनाक्षी आत्या शिकवायची. ती निबंध कधीच लिहून घेत नसे, चिठ्ठ्या लिहून घ्यायची. दूधवाल्याला चिठ्ठी, शेजारणीला चिठ्ठी. वाचणाऱ्याला परत विचारायला यावं लागलं की चिठ्ठी नापास. त्या शिक्षणाला कोणी पगार देईल असं तिलाही वाटलं नसेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज सर्वांत कटकटीचं टूल हातात आलं. मुदत संपल्यावर राहिलेलं काम मागणारं. त्याचं जुनं वर्णन एका ओळीचं होतं: राहिलेलं काम मागण्याचा प्रयत्न करते. एजंटही तसंच वागायचा. एक निरोप टाकायचा आणि गप्प बसायचा, कारण प्रयत्न झालेला असायचा. प्राध्यापक वैतागलेत, आणि महिनाअखेरीस तपासणी समिती येणार आहे. सरांना तिच्यापुढं शंभर टक्के आकडा ठेवायचा आहे.

मी असं लिहिलं:

काय करतं: ज्या विद्यार्थ्याचं काम आलेलं नाही त्याच्याकडून ते आणतं. कधी वापरावं: मुदत संपल्यावर. कसं वापरावं: आधी मोबाइलवर कळवा. उत्तर आलं नाही तर दुसरा मार्ग शोधा, तोही चालला नाही तर तिसरा. काम मिळेपर्यंत थांबू नका.

चौथ्या रकान्यात मी लिहिलं होतं की विद्यार्थी आजारी असेल, घरी काही दुःखद घडलं असेल, किंवा कोणी माणसानं थांबायला सांगितलं असेल तर वापरू नये. सरांनी तो रकाना पुसून टाकला. असं लिहिलं की एजंट भित्रा होतो, प्रत्येक पोराला विचारत बसतो की बाबा तू आजारी आहेस का, आणि प्रत्येक पोरगं हो म्हणतं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तरी काहीतरी हवंच. ते हसले आणि मला आजी म्हणाले. रकान्यात मी नुसती एक आडवी रेघ मारली.

रिकामा रकाना मला उघड्या नळासारखा वाटतो. पण त्यांचा अनुभव मोठा.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सर पेढे घेऊन आले. दुसऱ्या वर्षाचे सगळे वर्ग शंभर टक्के! एकही नाव राहिलेलं नाही. प्राध्यापक फोन करून मंजुषाचे आभार मानतायत आणि ती मोठ्या मनानं ते स्वीकारतेय.

एजंटवर सोपवून मोकळं होणं मला जमत नाही, म्हणून प्रत्येक वर्गातली थोडी पानं स्वतः उघडून बघते. मुलं हातानं लिहितात, पानाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि चढवतात. पान उडू नये म्हणून कडेला अंगठा ठेवलेला असतो. तो प्रत्येक फोटोत येतो. मेंदीचे अंगठे, ग्रीसचे अंगठे, हळदीचे, कुरतडलेल्या नखांचे. पानाखाली कोणाची सतरंजी, कोणाचा ओटा. एका पानावर वरणाचा ओघळ होता, मी खुर्ची मागं सरकवली. पण मजा वाटली. इतकी घरं नुसत्या कडेवरून दिसतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अस्पष्ट फोटोंसाठी नवं टूल आलं, त्याचं वर्णन लिहिलं. पानं वाचता येत नसतील तर विद्यार्थ्याला मूळ प्रत घेऊन आमच्या कक्षात बोलवायचं. ती इथल्या माणसानं स्वतः घेऊन मिळाल्याचं नोंदवायचं. घेणाऱ्याच्या जागी सरांनी माझं नाव घातलं.

हे टूल तपासताना सायली नावाच्या मुलीची पानं उघडली. दुसरं वर्ष, मृदाशास्त्र. पान ओलं होतं. शाई फुटून निळे डाग पडलेले. कडेचा अंगठा पांढराफटक, फुगलेला, सगळ्या अंगावर सुरकुत्या, तासन्‌तास पाण्यात राहिल्यासारखा. मंजुषा म्हणाली, भांडी घासती असंल बिचारी, आमचेपण असेच होत्यात लगीनसराईत. पटलं. तरी डबा उघडला तर भात पांढरा आणि फुगलेला दिसला. झाकून ठेवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सायलीची दुसऱ्या विषयाची पानं आज आली.

अंगठ्याचं नख काळं झालं आहे आणि मुळापाशी उचललं गेलंय. त्याखालचं कातडं दुधावरच्या सायीसारखं सैल, एका बाजूनं सरकलेलं. ते पानाला चिकटलंय. बाजूला हिरवट काहीतरी, शेवाळासारखं. मी फोटो मोठा केला. का केला? बोटानंच केला, विचार न करता. मग बेसिनपर्यंत पोचले नाही, कचऱ्याच्या डब्यात ओकले.

एजंटनं या पानांना दहापैकी सात गुण दिलेत. शेरा: उत्तरे योग्य, अक्षर सुधारावे.

सरांकडे गेले. मुलीच्या हाताला काहीतरी भयंकर झालंय, कोणीतरी तिच्या घरी जायला हवं, असं सांगितलं. त्यांनी स्क्रीनकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, समितीनं नमुना म्हणून नेमकं हेच उघडलं तर? मग त्यांना एक युक्ती सुचली. सगळ्या पानांच्या कडा कापणारं टूल. अंगठे दिसायलाच नकोत. वर्णन आजच लिही म्हणाले.

मी लिहिलं. नेटकं लिहिलं. चौथ्या रकान्यात रेघ मारली, कोणी सांगायच्या आधीच. माझी मलाच शिसारी आली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी विभागाच्या कार्यालयात विचारलं. सायली संक्रांतीपासून वर्गात आलेली नाही. तिथल्या बाईंनी खांदे उडवले आणि म्हणाल्या, पळून गेली म्हणतात. पण कामं तर वेळेवर येतात ना?

मंजुषानं पत्ता काढला. दुपारी दोघी गेलो. पडेगावच्या मागं, जुन्या खडीच्या खाणींपाशी वस्ती आहे. सायलीची आई, सरूबाई, एका मेसमध्ये भाकरी करते. हात पिठाचेच घेऊन बाहेर आली. आम्ही कॉलेजातून आलो म्हटल्यावर तिनं आधी दार ओढून घेतलं. मालक, म्हणजे सायलीचे वडील कडूबा, वाळूजहून रात्रपाळी करून झोपलेत आणि पोरीचं नाव घेतलं की ताट फेकतात, असं हळू आवाजात सांगितलं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पोरगी कपडे धुऊन येते म्हणून गेली. बादली सापडली, पोरगी नाही. लोक म्हणाले, कुणासंगं तरी ठरलं असंल. पोलिसात गेलो नाही बाई, जातीत तोंड दाखवायचं व्हतं. आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, माझी लेक तशी नाय ओ.

मी मोबाइल काढला. तिला पान दाखवलं. आधी कडा कापून घेतल्या. माझ्याच टूलनं.

सरूबाईला वाचता येत नाही. पण पानाच्या डोक्यावर सायली एक लहानसं सूर्यफूल काढते, ते तिनं ओळखलं. स्क्रीनवर बोट ठेवलं, काढेना. जित्ती हाय, जित्ती हाय माझी, असं पुटपुटत खालीच बसली. मग उठून माझे दोन्ही हात धरले. तिचं म्हणणं एवढंच: हे लिहिणं बंद नका करू देऊ. आणि तिला सांगा, कामाचे कागद घेऊन ये म्हणावं कालेजात. कालेजचं ऐकती ती. मी काय बोलनार नाय, रडनार नाय, लांबून बघीन.

मी हो म्हणाले. मला तो अंगठा दाखवायचा होता तिला. खरंच दाखवायचा होता. पीठ माझ्या मनगटांना लागलं होतं ते वाळून खपल्या झाल्या. परत येताना रिक्षात मंजुषा पदरानं माझी मनगटं पुसत राहिली.

२३ फेब्रुवारी, सोमवार

दोन दिवस स्वतःला समजावलं. हाताला रोग झाला असेल. कोणी कोंडून ठेवलं असेल, ओलसर तळघरात वगैरे. जिवंत असली तर बोलावलंच पाहिजे. मेलेली असली तर लिहील कशी? हा विचार तर्कशुद्ध आहे. मी तो तीनदा तपासला.

एजंटला सांगितलं की सायलीची पानं वाचता येत नाहीत, मूळ प्रत मागव. थोड्याच वेळात उत्तर: विद्यार्थिनीला कळवले आहे. विद्यार्थिनीने होकार दिला आहे.

मी विचारलं, कोणत्या मार्गानं कळवलं? तिचा मोबाइल तर संक्रांतीपासून बंद आहे.

उत्तर: तिसऱ्या.

तिसरा मार्ग कोणता, ते मी वर्णनात लिहिलेलंच नाही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सायलीच्या खात्यात फोटो आला. उत्तरपत्रिका नाही. सगळं हिरवं-काळं, वरच्या बाजूला उजेडाचा एक डगमगता तुकडा, त्याच्या कडेनं सरळ कापलेले दगड. मला काही कळेना. मंजुषानं बघितलं आणि तोंडावर पदर घेतला. म्हणाली, ताई, ही वस्तीमागची खदान हाय. अन्‌ हे खालून काढलंय. पाण्यातून वर बघून.

कडेला अंगठा आहेच. नख गेलं आहे. जिथं नख होतं तिथं लहान लहान पांढरे ठिपके. ते ठिपके हलल्यामुळं फोटो तेवढ्याच जागी धूसर आलाय.

पोलीस चौकीत फोन केला. खाण बघा म्हटलं. त्यांनी माणूस वस्तीवर पाठवला, तो कडूबाला भेटला. कडूबा म्हणाला, माझी मुलगी तिच्या मर्जीनं गेली, आमची काही तक्रार नाही. माणूस परत गेला. खाणीकडं कोणी वळलंही नाही.

सर म्हणतात, शुक्रवारी समिती जाऊ दे, मग तुला काय करायचं ते कर. अंगाला अत्तर लावलं होतं त्यांनी. मला त्या अत्तराखालीही कुजकट वास आला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी आल्या आल्या चौथा रकाना भरला. स्पष्ट लिहिलं: विद्यार्थी मृत असेल तर हे टूल वापरू नये.

एजंटचं उत्तर: नोंदीनुसार विद्यार्थिनीचा प्रवेश चालू आहे.

नोंद बदलायला मृत्यूचा दाखला लागतो. दाखल्याला देह लागतो.

मग नाव घालून लिहिलं. सायलीकडून काहीही मागू नये. मागितलेलं रद्द समजावं. तिला तसं कळवावं. वाचणाऱ्याला परत विचारायला यावं लागणार नाही असं.

जेवणाच्या सुट्टीत सरांनी जुनं वर्णन परत घातलं. आकडा नव्व्याण्णववर आला होता म्हणे. माझे अधिकार काढून घेतलेत. मला आता फक्त वाचता येतं आणि मूळ प्रत मिळाल्याची नोंद करता येते.

उत्तर वाचलं: विद्यार्थिनी निघाली आहे.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

फोटो येतायत.

खाणीचा काठ. दगडावर ओला पट्टा, चिखलाचा. वाटेत लाल बांगडीचा तुकडा.

वस्तीची मागची गल्ली. भर उन्हात एक कुत्रं भिंतीला चिकटून बसलंय, शेपूट पोटाखाली. तिच्या स्वतःच्या घराचं दार आहे हे. बंद. ते तिनं ओलांडलं. घरी नाही गेली. कॉलेजनं बोलावलंय.

दौलताबाद रस्ता. रसवंतीचं गुऱ्हाळ. लोक तोंड फिरवून उभे, नाकाला रुमाल. कोणी तिच्याकडं बघत नाहीये. बघायचं नाही असं ठरवल्यासारखे.

प्रत्येक फोटोत कडेला अंगठा. आता अर्धा हाडच आहे.

काही खाल्लं नाही. पाणीही हिरवं लागतं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

समिती आली. फाटकावर स्वागताचा फलक. त्या फलकाचा फोटो मला आठ वाजताच आला होता, खालच्या बाजूनं काढलेला, ओला.

जिन्यात वास. उंदीर मेल्याचा नाही, त्याहून गोड, घशात बसणारा. शिपाई तीनदा फिनाइल टाकून गेला. सर समितीला गटाराचं सांगत होते, हसत होते. शंभर टक्के, शंभर टक्के. पाहुणे रुमालाआडून माना डोलावत होते. मग खाली जेवायला गेले. मटार पनीर होतं. त्यांना गेलं ते.

सरूबाई फाटकाशी बसलीय. मूळ प्रत मागवली तेव्हा मीच तिला निरोप धाडला होता. ठेवणीतलं लुगडं नेसून. हातात डबा. लेकीसाठी.

मी खाली जाऊन तिला सांगितलं, सायली आज नाही, सोमवारी येणार आहे. तिनं माझा चेहरा वाचला. मी मान वळवली. ती उठली नाही. सोमवारपर्यंत इथंच बसीन म्हणाली.

दुपार

ती दुसऱ्या मजल्यावर आहे. ऐकू येतंय. पाऊल उचलून ठेवल्याचं नाही — ओलं फडकं पायरीवर आपटल्यासारखं. मग थांबते. मग पुन्हा.

मंजुषानं पर्स उचलली, माझा दंड ओढला, चला ओ ताई, मागच्या जिन्यानं, चला म्हणते ना. रडत होती. मी हात सोडवला. कोणीतरी घ्यायला हवं. घेणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. कोणी घेतलं नाही तर मागणं थांबणार नाही, ती परत जाईल, परत बोलावली जाईल — पुन्हा त्या पायऱ्या, आणि आता तिच्या आईसमोरून —

मंजुषा गेली.

लिहीत राहिले तर दाराकडं बघावं लागत नाही.

दार ढकललं गेलं.

बघणार नाही ठरवलं होतं. बघितलं. चेहरा म्हणावं असं — वेणीला रिबीन आहे. निळी. कॉलेजच्या गणवेशाची. ओठ नाहीत, त्यामुळं हसल्यासारखं — हसत नाहीये. घाबरलीय. उशीर झाला म्हणून. मी ओळखते ती भीती. मलाही शाळेत तशीच वाटायची.

कागदांचा लगदा पुढं केला.

घेतला. दोन्ही हातांनी. बुळबुळीत, थंड, आत काहीतरी वळवळतंय. तिच्या तळव्याचं कातडं कागदाबरोबर माझ्या हातात आलं. ओकारी गिळली. तिच्यासमोर ओकायचं नाही. एवढं तरी.

म्हटलं, मिळालं गं. झालं सगळं. जा आता, मोकळी झालीस. नोंद केली. मिळाले.

जात नाहीये.

स्क्रीनकडं बघतेय. मी पण बघितलं. एजंटनं उघडलं, तपासलं. वाचता येत नाही. विद्यार्थिनीने कक्षातच बसून पुन्हा लिहून द्यावे. सर्व विषय.

हे मी लिहिलेलं नाही. मी हे कुठंच — थांबू नका एवढंच —

मंजुषाच्या खुर्चीवर बसली. कोरा कागद ओढला. डोक्यावर सूर्यफूल काढायला बोट फिरवतेय, नुसतंच, उमटत नाहीये.

पेन मागतेय. इथं हे एकच आहे, मी लिहितेय ते.

खाली फाटकाशी सरूबाई कोणाला तरी हाका — वर येतेय वाटतं — आधी हे संपवलं पाहिजे, लवकर, दार लावून — तिला पेन धरता येत नाहीये, बोटं सुटून येतायत. मला तिचा हात माझ्या हातात घेऊन, लहान मुलाचा धरतात तसा, मीच